दगडी हत्यारं घडवायचा संच: दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत वापरल्यावर

दगडाचे टवके उडवून हत्यार घडवायची कला शिकायला मी दिवाळीनंतर सुरुवात केली, आता उन्हाळा तोंडावर आला आहे. ऑनलाइन मागवलेल्या संचात चार वस्तू आल्या: शिसं भरलेल्या तांब्याच्या टोपीचा दंडा, लाकडी मुठीतला तांब्याचा टोचा, मांडीवर घ्यायचं जाड कातडं आणि कड घासायचा खरखरीत दगड. मत आधीच सांगते. यातला सगळ्यात स्वस्त, तो घासायचा दगडच सगळ्यात जास्त उपयोगी पडला. दंडा मात्र आपल्याकडच्या दगडांना अर्धामुर्धाच लागू पडतो.

टवका कडेवर घाव घालून निघतो. पण ताजी कड इतकी पातळ असते की घावाखाली तीच चुरते आणि जोर आत पोचत नाही. म्हणून दर घावाआधी कड घासून बोथट करायची. धार करायला बसलेल्या माणसाला हे उलटं वाटतं, तरी पातळ, लांब टवका हवा असेल तर दुसरा मार्ग नाही. कडेचा कोन काटकोनापेक्षा कमी हवा, साधारण 70 ते 80 अंश. शिवाय घावाच्या जागेमागे उंचवट्याचा कणा हवा, कारण टवका कण्याच्या वाटेनं पळतो. सपाट जागी मारलं तर तो मध्येच तुटतो आणि पायरी राहते, आणि ती पायरी पुढचे टवके अडवत राहते. माझा निम्म्याहून जास्त वेळ आता मारण्यात जात नाही, घासण्यात आणि दगड फिरवून बघण्यात जातो, आणि तोच भाग मला सर्वांत आवडू लागला आहे. संचातला दगड लवकर गुळगुळीत झाला. ग्राइंडरच्या फुटक्या चाकाचा तुकडा त्याहून उत्तम चालतो.

टोच्यानं कड दाबून बारीक टवके काढतात, आणि तो चांगला आहे. सराव बाटलीच्या जाड बुडावर करावा. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा इशी 1911 नंतर संग्रहालयात लोकांसमोर बाटलीच्या काचेची सुबक बाणाग्रं करत असे, तेही दाब देऊनच. टफन्ड काच घेऊ नका, तिचा क्षणात चुरा होतो. टोच्याचं टोक बोथट होतं, ते ठोकून पुन्हा निमुळतं करावं लागतं. अर्थिंगची जाड तांब्याची तार मुठीत बसवून असाच टोचा घरीही करता येतो.

आता दगडाचं. व्हिडिओतली मंडळी मोठाले चकमकीचे किंवा ऑब्सिडियनचे (ज्वालामुखीतल्या नैसर्गिक काचेचे) गोळे फोडतात. आपल्या दख्खनच्या पठारावर मिळतो तो काळा बेसाल्ट, आणि त्याच्या पोकळ्यांत तयार झालेले कॅल्सेडनी, अकीक, जास्पर हे गारेच्या जातीचे दगड. बेसाल्ट घ्यायचा तर घट्ट, छिद्र नसलेला. हातोडी मारून ऐकावं: खणखणीत वाजला तर घ्यावा, बद्द वाजला तर आत तडा असतो. त्याच्यापुढे तांब्याचा दंडा दुबळा पडतो, नदीतला गोल, जड गोटाच हवा. नेवाशाजवळ प्रवरेकाठच्या चिरकीला पुरातत्त्वज्ञ गुद्रुन कॉर्विनस यांच्या उत्खननात ज्या हातकुऱ्हाडी मिळाल्या त्या बहुतेक बेसाल्टच्याच. स्वतः घाव घातल्यावर कळतं की त्या घडवणाऱ्याच्या मनगटात किती ताकद आणि नजरेत किती नेम असला पाहिजे.

कॅल्सेडनीची तऱ्हा वेगळी. ती काचेसारखी फुटते, धार अप्रतिम येते, पण गोळे बहुतेक मुठीएवढे किंवा त्याहून लहान, आणि पुष्कळदा आत स्फटिकांची पोकळी निघते. त्यातून मोठं हत्यार निघणारच नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन लोकांनी तिच्यातून लहान, समांतर पाती काढली, ती याचसाठी. गाभ्यावर, म्हणजे ज्यातून पाती काढायची त्या दगडावर, आधी दोन्ही बाजूंनी टवके काढून नागमोडी कणा तयार करायचा. तो उडवला की त्याच्या खुणेवरून पुढची पाती ओळीनं सुटतात. कण्याची किंमत मला इथे खऱ्या अर्थानं कळली.

या लहान गोळ्यांसाठी मी शेवटी गुजरातमधल्या खंभातच्या अकीक कारागिरांची पद्धत उचलली. तिथे टोकदार लोखंडी सळई जमिनीत तिरकी रोवतात, दगडाची कड तिच्या टोकाला टेकवतात आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं हलके टोले देतात. टवका सळईच्या बाजूनं सुटतो. मी सळई लाकडाच्या ठोकळ्यात बसवली आहे. लहान दगड हातात घट्ट राहतो, घावाची जागा अचूक साधते. संचातल्या दंड्यापेक्षा मला हे कितीतरी पटीनं पसंत आहे आणि खर्च जवळजवळ नाहीच.

परदेशी धडे सांबराच्या किंवा हरणाच्या शिंगाचा आग्रह धरतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सांबर-चितळाच्या शिंगांची खरेदी-विक्री चालत नाही. त्या वाटेला जाऊच नका, तांबं आणि म्हशीचं शिंग पुरतं.

एका गोष्टीबद्दल मी फार आग्रही आहे: धूळ. टवके उडताना आणि कड घासताना सिलिकाची बारीक धूळ उठते. अकीक कारागिरांना याच धुळीनं सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून बसा, एन-95 मास्क आणि चष्मा लावा, जागा झाडू नका, पाण्यानं ओली करून पुसा. संचात मास्क नव्हता, चष्माही नव्हता. एवढ्याचसाठी मी त्याचे गुण बरेच कापते.

नव्यानं सुरू करणाऱ्यानं पूर्ण संच घेण्याची गरज नाही. टोचा आणि कातडं घ्या, बाकीचं आसपास मिळतं. दगड खाणीतला किंवा विहिरीच्या खोदकामातला आणा, जुन्या वस्तीच्या जागेवरून एक कपचीही उचलू नका. आणि आपल्या कपच्या नदीकाठी फेकू नका, पुढे कुणाला त्या अश्मयुगातल्या वाटतील. मी त्या खड्ड्यात पुरते आणि सोबत सालाचा आकडा असलेलं एक नाणं टाकते.