हेमेल-एन-आर्डची शार्डोने: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरात, गोडी छाटणीची, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीची, धांदल चालू असताना, केपटाउनला नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याने तिथल्या हेमेल-एन-आर्ड खोऱ्यातील हॅमिल्टन रसेल व्हिनयार्ड्स या वायनरीच्या शार्डोनेच्या, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाच्या पांढऱ्या वाईनच्या, दोन बाटल्या आणून दिल्या. विमानाने येणाऱ्याला दोन लिटरपर्यंतच मद्य शुल्काविना आणता येते, म्हणून दोनच. पुढे मार्चअखेरीस आणखी चार मी मुंबईतील एका दुकानातून मागवल्या. दिंडोरी तालुक्यात गेली पंधरा वर्षे मी वाईनची द्राक्षे पिकवतो. त्यामुळे ही वाईन पिताना माझ्यातला बागायतदार गप्प बसला नाही.

पहिल्या घोटातच जाणवतो तो तिचा आंबटपणा. तो झोंबत नाही. जिभेच्या दोन्ही कडांनी सरळ पुढे जातो आणि घोट गिळल्यानंतरही बराच वेळ तोंडाला पाणी सुटत राहते. वास लिंबाच्या सालीचा, कच्च्या नाशपातीचा आणि वळवाच्या सरीने नुकत्याच भिजलेल्या दगडाचा. ही वाईन फ्रेंच ओकच्या पिंपांत आंबवतात, पण लाकडाचा वास पुढे पुढे करत नाही. भाजलेल्या बदामासारखी एक छटा मागून येते, एवढेच. उष्ण प्रदेशातल्या शार्डोनेत पिकलेल्या अननसाचा आणि लोण्याचा जो जडपणा मी चाखला आहे, तो येथे नाही.

हे कशामुळे होते, ते समजून घेण्याची मला ओढ लागली. हेमेल-एन-आर्ड हे दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील हरमानस गावामागचे खोरे; नावाचा अर्थ 'स्वर्ग आणि पृथ्वी'. थंड हवेची जागा बरीच वर्षे शोधल्यानंतर टिम हॅमिल्टन रसेल यांनी १९७५ मध्ये येथे जमीन घेतली, आणि तीही अशा काळात की देशात द्राक्षलागवडीवर कोटा होता व नव्या भागात बाग उभी करणेच दुरापास्त होते. १९९१ पासून त्यांचे पुत्र अँथनी कारभार पाहू लागले आणि त्यांनी बाकीच्या जाती बाजूला सारून पिनो न्वार व शार्डोने या दोनच ठेवल्या. द्राक्षाखाली सुमारे ५२ हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकरांहून थोडे अधिक क्षेत्र आहे. जमीन शेल खडकापासून झालेली, दगडगोट्यांची आणि चिकणमातीची. वेल तिच्यात माजत नाही. समुद्र अवघ्या काही किलोमीटरवर असल्याने वॉकर उपसागरावरून येणारा गार वारा भर उन्हाळ्यातही बाग तापू देत नाही.

योगायोग असा की, त्यांचा खुडा आणि आमचा खुडा एकाच सुमारास असतो. मात्र तिकडे तेव्हा उन्हाळा सरत असतो आणि आमच्याकडे हिवाळा. जानेवारीच्या रात्री निफाड-दिंडोरीतही हुडहुडी भरते, परंतु फेब्रुवारी उलटू लागला की दुपारचे ऊन चढते, आणि ऊन चढले की मण्यातील आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल वेल स्वतःच श्वसनात खर्च करून टाकते. ब्रिक्स, म्हणजे रसातील साखर, वाढल्याचा आनंद होईपर्यंत आंबटपणा निघून गेलेला असतो. माझ्या शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षांमध्ये मी दरवर्षी जे वाचवू पाहतो, ते या बाटलीत शाबूत होते. हेव्यापेक्षा आदर वाटला.

मुंबईहून आलेल्या चारपैकी एक बाटली मात्र खराब निघाली. बूच किंचित वर आलेले, रंग गडद पिवळा, वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. वाटेत किंवा गोदामात ती तापली असणार. दुकानदाराने बदलून देण्यास नकार दिला. माझ्या मते दोष वाईनचा नव्हे. पण उन्हाळ्यात मागवणार असाल, तर साठवण वातानुकूलित आहे का, हे आधी विचारा आणि बाटली हाती येताच बूच पाहा.

घरी ती फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवावी. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत भिंतीतले कपाट कामाचे नाही. थेट फ्रिजमधून ओतल्यास वासच येत नाही, म्हणून थंडीत वीसेक मिनिटे बाहेर ठेवतो; मे महिन्यात मात्र पाच मिनिटे पुरतात, आणि पेला अर्धाही न भरता थोडी थोडी ओतत राहणे बरे. उघडलेली बाटली मला दुसऱ्या दिवशी अधिक मोकळी वाटली, चौथ्या दिवशी मिळमिळीत.

मिसळ, शेवभाजी किंवा काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर ती घेऊ नये. तिखटापुढे तिचे सारे बारकावे विझतात. रव्यात तळलेल्या पापलेटाबरोबर तिने लिंबाची फोड अनावश्यक ठरवली, आणि सुरळीच्या वडीबरोबर तर ती मला सर्वांत जास्त आवडली.

आयात शुल्कामुळे एका बाटलीच्या पैशांत नाशिकच्या चांगल्या शेनिनच्या पाच-सहा बाटल्या येतात, त्यामुळे रोजची म्हणून तिची शिफारस मी करणार नाही. वर्षातून दोनदा मात्र अवश्य घेईन, तीही हिवाळ्यात. शेवटची बाटली अजून भाजीच्या कप्प्यात आहे. येत्या फेब्रुवारीत बागेतला पहिला क्रेट वायनरीत रवाना झाला की ती उघडायची आणि शेजारी माझ्या मळ्यातले दोन घड चाखून पाहायचे, असे ठरवले आहे.