जेवणानंतर एक बोर्ड : घरगुती कॅरमचे परीक्षण

घरातील माणसांनी रोज थोडा वेळ तरी एकत्र बसावे या हेतूने काही विकत घ्यायचे असेल, तर पूर्ण आकाराचा कॅरम बोर्ड आणि त्याचे स्टँड घ्यावे, असे माझे मत वर्षभराच्या वापरानंतर पक्के झाले आहे. आमचा बोर्ड 12 मिलिमीटर प्लायचा आणि लाकडी चौकटीचा असून घडीच्या स्टँडसह तो पाच हजारांच्या घरात पडला.

मुलांसाठी म्हणून मिळणारे छोटे बोर्ड स्वस्त असतात खरे, पण मोठी माणसे त्यावर दोन दिवस खेळतात आणि मग तो बोर्ड पलंगाखाली जातो. स्पर्धेच्या बोर्डाचा खेळण्याचा भाग 74 सेंटिमीटर लांब-रुंद असतो; तेवढ्या अंतरावरून कट मारताना मोठ्यांनाही नेम धरावा लागतो आणि त्यांचा रस टिकतो. दुकानात बोर्ड पारखताना 15 ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोराने मारून पाहावा. समोरच्या कडेला आपटून त्याने किमान साडेतीन वेळा ये-जा करावी, अशी स्पर्धेच्या नियमांतही अट आहे. आमचा बोर्ड या परीक्षेत उतरला, परंतु सोबत आलेला स्ट्रायकर अगदीच हलका निघाल्याने तो वेगळा घ्यावा लागला.

माझ्या मते या खरेदीत प्लायच्या जाडीपेक्षा स्टँड महत्त्वाचे आहे. जमिनीवर मांडी घालून खेळायचे म्हटले की गुडघ्यांची तक्रार असलेल्या सासूबाई आपोआप प्रेक्षक होतात. स्टँडमुळे त्या खुर्चीवर बसून खेळू लागल्या आणि नातवाच्या जोडीदार झाल्या. जोडीदार समोरासमोर बसत असल्याने तो त्यांना हक्काने सांगतो, "आजी, राणीचं नंतर बघ, आधी कडेची काळी घे," आणि त्या त्याचे न ऐकता राणीच घेतात, मग पुढच्या फटक्यात कव्हर, म्हणजे राणीपाठोपाठ घ्यायची आपली सोंगटी, हुकले की राणी परत मध्यभागी येते. चौदा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या आजी यांना बरोबरीने हमरीतुमरीवर येता येईल असे दुसरे निमित्त आमच्या घरात नाही. शिवाय बोर्ड मांडलेलाच राहतो. रोज काढा, पुसा, मांडा असा खटाटोप असता, तर ही सवय पहिल्याच महिन्यात मोडली असती.

पूर्ण गेम 25 गुणांचा किंवा 8 बोर्डांचा (येथे बोर्ड म्हणजे एक डाव) असतो आणि तेवढा वेळ रोज कोणाकडेच नसतो. त्यामुळे आम्ही जेवणानंतर एकच बोर्ड खेळतो आणि त्याचे गुण कॅलेंडरवरील त्या दिवसाच्या चौकोनात लिहून ठेवतो. गेम असा चार-पाच रात्री चालतो, आणि कालचा हिशेब बाकी असल्याने "आज नको" म्हणणाऱ्याला इतर तिघे सोडत नाहीत. बोलण्यासाठी म्हणून मुद्दाम बसवले की मुलगा "काही नाही" यापलीकडे जात नाही. येथे मात्र आपली पाळी येईपर्यंत, नजर सोंगट्यांवर ठेवून, तो गणिताच्या चाचणीत काय झाले ते सांगून मोकळा होतो. बोटांना पावडर लागलेली असल्याने मोबाइलला सहसा कोणी हात लावत नाही, हा लाभ मी विचारातही घेतला नव्हता.

उणिवाही आहेत. बोरिक पावडर फरशीवर सांडते, पाय घसरतो, आणि ती तोंडात जाऊ नये म्हणून रांगते मूल असलेल्या घरात विशेष जपावे लागते. पावसाळ्यात आमचा बोर्ड मधोमध किंचित दबला. विक्रेत्याने "वापरामुळे होते" असे म्हणून हात झटकले. तेव्हापासून तो खिडकीपासून दूर ठेवला असून खेळ संपला की त्यावर जाड चादर घालतो. आवाजाचे म्हणाल, तर इमारतीत राहणाऱ्यांनी स्टँडच्या पायांखाली रबरी टोप्या अवश्य बसवाव्यात. त्या सोबत मिळत नाहीत. आणि एकाच खोलीचे घर असेल, तर हा आकार घेण्यापूर्वी चार खुर्च्या मांडून चालायला जागा उरते का, ते आधी पाहावे.