‘प्रत्यक्ष लॅब’च्या नावाखाली विकलेले पाठांतर

कॉम्पटिया संस्थेच्या नेटवर्क प्लस या संगणक-नेटवर्किंगच्या प्रमाणपत्राच्या तयारीसाठी मी एका खासगी ऑनलाइन क्लासचे पूर्ण शुल्क आगाऊ भरले आणि त्यात माझी सरळसरळ फसवणूक झाली. क्लासचे नाव येथे देत नाही, कारण हाच माल निरनिराळ्या नावांनी विकला जातो आणि नाव बदलायला वेळ लागत नाही. फसवण्याची रीत मात्र बदलत नाही, म्हणून ती सविस्तर लिहितो.

या परीक्षेच्या २०२४ मध्ये आलेल्या एन१०-००९ या आवृत्तीत नेटवर्कमधील दोष शोधण्याच्या, म्हणजे ट्रबलशूटिंगच्या भागाला २४ टक्के भार आहे आणि कोणत्याही एका भागाला दिलेला हा सर्वाधिक भार आहे. शिवाय परीक्षेत पर्यायी प्रश्नांबरोबर प्रत्यक्ष कृती करून दाखवण्याचे प्रश्नही येतात. ज्यांनी नोकरीत कधी राउटर हाताळलेला नाही, त्यांना नेमकी याच भागाची धास्ती असते आणि जाहिरातीचा सगळा रोख त्या धास्तीवरच होता: खऱ्या उपकरणांवर दुरून सराव, दर आठवड्याला नवा बिघाड आणि नापास झाल्यास पैसे परत.

पहिल्याच सरावात प्रश्न असा होता की, एका संगणकाला डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कमधील पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता मिळत नाही आणि त्याने स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता घेतला आहे. अशा वेळी केबल सैल असू शकते, पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये (एकाच नेटवर्कमध्ये पाडलेल्या वेगळ्या आभासी गटात) असू शकतो, ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीवर) तो व्हीलॅन जाऊ दिलेला नसेल, सर्व्हरकडचे पत्ते संपले असतील किंवा सर्व्हर दुसऱ्या नेटवर्कमध्ये असून राउटरवर विनंती पुढे पाठवण्याची सोय केलेली नसेल. यांतील एकेक शक्यता पडताळून बाद करणे हेच तर शिकायचे असते. मी स्विचपासून (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणापासून) सुरुवात केली आणि ट्रंकची स्थिती दाखवणारी कमांड दिली, तेव्हा पडद्यावर ‘ही कमांड या सरावात उपलब्ध नाही’ असे उत्तर आले. व्हीलॅनची यादी मागितली, तरी तेच उत्तर. स्वीकारल्या जात होत्या त्या फक्त शिक्षकांनी व्हिडिओत टाइप केलेल्या कमांड, आणि त्याही त्याच क्रमाने.

तेवढ्यावरून लबाडी सिद्ध होत नव्हती, कारण प्राथमिक सरावासाठी मर्यादित कमांड ठेवणे समजू शकते. पुढच्या सरावात मात्र मी बाहेर जाणारा राउटरचा एकमेव इंटरफेस मुद्दाम बंद केला आणि त्याच्या पलीकडच्या पत्त्यावर पिंग, म्हणजे उत्तर येते का हे तपासणारा संदेश, पाठवला. खऱ्या उपकरणावर तो अयशस्वी व्हायलाच हवा होता. येथे पाचही उद्गारचिन्हे उमटली, म्हणजे पाचही पॅकेटना उत्तर आले! राउटर किती काळ चालू आहे हे पाहिले, तर आधीच्या आठवड्यात दिसलेलाच आकडा मिनिटासकट समोर आला. पलीकडे राउटर नव्हताच, ठरावीक कमांडला ठरावीक उत्तर देणारे एक चित्र होते. याविषयी क्लासच्या गटावर विचारल्यावर शिक्षकांनी लिहिले, “सर, परीक्षेत हे विचारत नाहीत, तुम्ही फक्त क्रम लक्षात ठेवा,” आणि थोड्या वेळाने माझा प्रश्नच गटावरून काढून टाकण्यात आला.

खरा माल पुढे होता आणि तो म्हणजे ‘प्रश्नसंच’. त्यातील प्रश्न परीक्षेतून बाहेर काढलेले असल्याचे क्लासच्याच माणसाने फोनवर अभिमानाने सांगितले. असे प्रश्न वापरणे हा परीक्षार्थीने मान्य केलेल्या कराराचा भंग ठरतो आणि त्यासाठी मिळालेले प्रमाणपत्र रद्द होऊ शकते, हे मात्र त्याने सांगितले नाही. शिवाय ‘८० टक्के आले की पास’ हे त्याचे गणितही चुकीचे होते. उत्तीर्ण होण्यासाठी ९०० पैकी ७२० गुण लागतात हे खरे, पण ती मोजपट्टी १०० पासून सुरू होते आणि ते गुण म्हणजे बरोबर उत्तरांची टक्केवारी नव्हे. ज्याला परीक्षेची गुणपद्धती ठाऊक नाही, तो तिची हमी देतो, हे ऐकूनच खरे तर हसू यावे.

सर्वांत बेरकी भाग होता पैसे परत करण्याच्या अटींचा. नापास झालेल्याने आधी तो प्रश्नसंच ठरावीक गुणांनी पूर्ण केल्याचा पुरावा द्यावा, तरच शुल्क परत मिळेल, असे त्यात बारीक अक्षरांत लिहिले होते. म्हणजे पैसे मागायचे तर फुटलेले प्रश्न पाठ केल्याची कबुली स्वतःच्या नावानिशी द्यायची. आणि असा पुरावा दुसऱ्याच्या हाती देऊन कोण तक्रार करत बसेल?

म्हणून शुल्क भरण्याआधी चाचणीसाठी लॅब मागावी आणि ती स्वतः बिघडवून पाहावी. नेटमास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे ठरवणारा आकडा) चुकवल्यावर, केबल काढल्यावर किंवा डीएनएसचा (नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता पुसल्यावर परिणाम बदलतो का, हे पाहायला अर्धा तासही लागत नाही. डीएनएस पुसल्यावर आकडी पत्त्यावर पिंग जावा आणि नावावर जाऊ नये. दोन्ही जात असतील तर ती लॅब नव्हे. खरे तर यासाठी पैसेही लागत नाहीत. सिस्को कंपनीचे पॅकेट ट्रेसर हे संगणकावर नेटवर्क उभारून सराव करण्याचे सॉफ्टवेअर त्यांच्या नेटवर्किंग अकादमीच्या खात्यावर मोफत मिळते आणि तशाच कामाचे जीएनएस३ही मोफत आहे. एकाने गुपचूप बिघाड करायचा आणि दुसऱ्याने शोधायचा, असा सराव मी आता एका मित्राबरोबर करतो. लक्षणे नोंदवणे, कारणाचा अंदाज, त्याची पडताळणी, उपाय, सगळे पुन्हा चालते का हे पाहणे आणि शेवटी टिपण, हा परीक्षेला अपेक्षित क्रम त्यातून आपोआप अंगवळणी पडतो. क्लासच्या लॅबमध्ये पडताळणीला जागाच नव्हती.

मी पिंगचे चित्रीकरण आणि जाहिरातीची प्रत जोडून बँकेकडे तक्रार केली, तेव्हा ‘हजेरी लावलेल्या तासां’ची रक्कम कापून उरलेली परत मिळाली. जाहिरातीची प्रत आधीच जपून ठेवली होती म्हणून ते शक्य झाले, कारण तक्रारीनंतर त्यांनी ‘खरी उपकरणे’ हे शब्द बदलून ‘खऱ्यासारखा अनुभव’ असे केले आहे आणि प्रवेश अजून चालू आहेत.