मुलीच्या पाळीच्या दुखण्यावर औषध म्हणून १६,४९९ रुपये गेले

हिशेब आधीच सांगते. ४९९ रुपये 'वैद्यांशी बोलण्याचे', ८,८५० तीन महिन्यांच्या कोर्सचे, ४,२०० 'गर्भाशयशुद्धी किट'चे आणि २,९५० अनामत, जी कोर्स संपल्यावर परत मिळणार होती. एक रुपयाही परत आलेला नाही.

मी अडाणी नाही. ओटीपी मागणारे फोन मी सरळ कापते. पण बारावीतली मुलगी दर महिन्याला दोन-तीन दिवस पोट धरून फरशीवर पडते, उलट्या करते आणि घरातली मोठी माणसं 'लग्न झालं की थांबेल' म्हणतात, तेव्हा कुणी शांतपणे ऐकून घेतलं की आईला तो देवमाणूसच वाटतो. फोनवरच्या त्या 'वैद्या'ने पाच मिनिटांत सांगितलं, "ताई, ही उदावर्तिनी योनिव्यापद. अपान वायू उलटा फिरतोय." मी शब्द शोधला. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातला, चरकसंहितेतला निघाला; वेदनेच्या पाळीचं नाव. तिथेच माझा विश्वास बसला.

मला कळायला हवं होतं ते दुसरी बाटली आली तेव्हा. दमट हवेने लेबलाचा कोपरा सुटला होता आणि खाली दुसरं लेबल दिसत होतं. 'सांधे' एवढी अक्षरं मी वाचली. वाचली आणि अंगठ्याने कोपरा परत दाबून बसवला. मुलगी समोर उभी होती, चमचा हातात घेऊन. तो अंगठा मला अजून झोपू देत नाही.

बाटलीवर परवाना क्रमांक नव्हता, बॅच नव्हती, घटकांची यादी नव्हती. आयुर्वेदिक औषधावरही या गोष्टी कायद्याने लागतात. नसतील तर बाटली उघडूही नका. पैसे एखाद्या माणसाच्या खासगी खात्यात मागितले तर तिथेच थांबा. वैद्यांचा नोंदणी क्रमांक मागा. खऱ्या वैद्याला त्याचा राग येत नाही.

पाचव्या महिन्यात एका खऱ्या वैद्यबाईंकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न मुलीला विचारला, "स्राव सुरू झाला की दुखणं कमी होतं का?" ती म्हणाली, उलट दुसऱ्या दिवशी वाढतं. चरकांनी उदावर्तिनीत लिहिलंय की रज बाहेर पडताच लगेच बरं वाटतं. त्या ठगाला शब्द पाठ होता, पण हा प्रश्न त्याने कधी विचारला नाही. बाईंनी काढा देण्याआधी सोनोग्राफीला पाठवलं. अंडाशयावर चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, निघाली. इतके महिने मी तिला कसलं तेल-चूर्ण पाजत होते, देव जाणे. दुखणं शाळा-कॉलेज बुडवण्याइतकं असेल तर आधी तपासणी करा, औषध कुठल्याही पॅथीचं घ्या.

मग तक्रार. पोलीस ठाण्यात भर खोलीत विचारलं, "कसलं औषध?" मी 'पोटदुखीचं' म्हणाले. "पोटदुखीला सोळा हजार?" सगळ्यांनी वळून पाहिलं. अर्ज घेतला, पोच दिली नाही. ग्राहक तक्रार करा म्हणाले. तिथे म्हणाले, हा फौजदारी मामला. औषध खात्याच्या कार्यालयात तीन खेपा झाल्या. मी सांगितलं, १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या कलम ३ नुसार पाळीचे विकार बरे करण्याची औषधाची जाहिरातच करता येत नाही. साहेब म्हणाले, "कंपनीचा पत्ता आणा." पत्ता असता तर मी त्यांच्या दारात कशाला गेले असते? बाटली पुढे ठेवली, तर तिला हातही लावला नाही. "सील तुटलंय." औषध सील न तोडता प्यायचं कसं, हे त्यांनीच सांगावं!

पैसे गेल्याचं कळताच त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेपायी अकरा दिवस घालवले. बाटल्या, पावत्या, चॅट काही फेकू नका. आणि मुलीच्या पाळीबद्दल ठाण्यात बोलायला लाजू नका, त्या लाजेवरच यांचा धंदा चालतो.

परवा बहिणीच्या फोनवरून तो नंबर लावला. चालू आहे. "बोला ताई," तोच आवाज, "त्रास तुम्हाला आहे की मुलीला?"