गाडीच्या एसीचा चांगला कॉम्प्रेसर काढून नेला, वर माझ्याकडूनच २०,९५० रुपये घेतले

आधी हिशोब मांडतो. कॉम्प्रेसर १४,५००, ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा भाग) ९५०, फ्लशिंग (पाइप आतून धुणं) १,२००, गॅस १,८००, मजुरी २,५००. एकूण २०,९५० रुपये. आणि गाडीत बिघाड काय होता? एक कपलर, म्हणजे वायर जोडणारा प्लास्टिकचा जोड, निसटला होता. अंगठ्याने दाबून बसवला असता तर एक पैसा लागला नसता.

मी गाडीतलं काही न कळणारा माणूस नाही. नऊ वर्षं ऑईल, फिल्टर, ब्रेक पॅड घरीच बदलतोय. एप्रिलातल्या एका रविवारी दारातच बंपर उतरवून कंडेन्सर, म्हणजे एसीची पुढची जाळी, पाण्याने धुतला, कारण जाळीत माती आणि किडे गच्च बसले होते. बंपर परत बसवला, गाडी चालू केली, तर एसीतून गरम हवा. पंखा चालू, बटणाचा दिवा लागतोय, पण गारवा नाही.

वडिलांना दम्याचा त्रास आहे. दर पंधरा दिवसांनी त्यांना मिरजेला न्यावं लागतं. कोल्हापूरहून हातकणंगले, जयसिंगपूर करत जाताना उन्हात काचा उघड्या ठेवल्या की धूळ आत येते आणि त्यांना धाप लागते. बुधवारची तारीख मिळालेली होती. म्हणून घाई केली. ज्यांना घाई वाटत नाही त्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

कॉलनीतल्या एकाने एका एसी मेकॅनिकचा नंबर दिला. "घरी येऊन बघतो, माणूस चांगला आहे." सोमवारी सकाळी साडेनऊला तो मेकॅनिक गॅसचा दाब मोजायचे गेज घेऊन आला. बोलायला गोड. "काय बी काळजी करू नका मालक, संध्याकाळपर्यंत थंडगार करून देतो." गेज लावले, इंजिन चालू, एसी चालू. दोन्ही काटे ९५ च्या आसपास, एकसारखे, जागचे हलेनात. तो म्हणाला, "गॅस बी गेलाय आणि कॉम्प्रेसर बी जाम झालाय."

इथेच मला कळायला हवं होतं. गॅस गेला असता तर काटे शून्याजवळ पडले असते. आर-१३४ए गॅस बंद यंत्रणेत तिशीच्या तापमानाला साधारण ९५ पीएसआयच (दाबाचं एकक) दाखवतो. त्यावरून गॅस नेमका किती आहे ते कळत नाही, पण तो संपलेला नाही एवढं नक्की कळतं. आणि इंजिन चालू असूनही दोन्ही काटे सारखे, म्हणजे कॉम्प्रेसर फिरतच नाहीये. कॉम्प्रेसरला इंजिनच्या पट्ट्याशी जोडतो तो क्लच. जाम कॉम्प्रेसरला क्लच धरला की पट्टा किंचाळतो, कधी जळका वास येतो. इथे ना किंचाळणं, ना वास. क्लचची 'टिक' सुद्धा एकदाही आली नाही. क्लचला करंटच जात नव्हता! मी शेजारी उभा होतो. मेव्हण्याला पाठवायला मी त्या गेजचा फोटोही काढला.

तो फोटो नंतर मोठा करून पाहिला. मागे कंडेन्सरजवळच्या पाइपवर प्रेशर स्विच दिसतो आणि त्याचा कपलर बाजूला लोंबतोय. धुताना माझ्याच हाताने त्याचं लॉक तुटलं असणार. हा स्विच जोडलेला नसेल तर कॉम्प्रेसर चालू होऊच दिला जात नाही. फोटोत जे मला दिसतंय ते रोज हेच काम करणाऱ्याला समोर दिसलं नसेल?

दिसलं होतं. पुढे त्याचा पुरावाही मिळाला.

गाडी त्याच्या शेडवर नेली. दहा हजार आगाऊ, मंगळवारी रात्री उरलेले १०,९५०. दोन्ही वेळा पैसे दुसऱ्याच कुणाच्या नावाच्या नंबरवर. "मेव्हण्याचं खातं हाय." पक्कं बिल मागितलं तर "बिल घेतलं तर जीएसटी लागंल, तुमचंच नुकसान." वहीच्या पानावर आकडे लिहून दिले. जुना कॉम्प्रेसर मागितला, तर म्हणाला भंगारात गेला. जुना भाग हातात मिळाल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका, कितीही उशीर झाला असला तरी. मी दिले, कारण सकाळी सहाला मिरजेला निघायचं होतं.

एसी गार झाला होता. अकरा दिवस चालला. बाराव्या दिवशी बॉनेटखालून खरखर आणि आत गरम हवा. त्याचा फोन आधी व्यस्त, मग बंद. शेडला कुलूप. शेजारचा म्हणाला, भाडं थकवून गेला.

मग उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी गेज लावले नाहीत, टॉर्च लावून वाकून पाच मिनिटं नुसतं पाहिलं. कॉम्प्रेसरवरचं लेबल घासून काढलेलं, वरून चंदेरी रंग मारलेला, बोल्ट बसवायच्या कानांवर पान्याचे जुने ओरखडे, पुढच्या सीलपाशी तेलाचा ओघळ. जुनाच माल. गेज लावले तर काटा १५ वर, म्हणजे गॅस बहुतेक गळून गेलेला. आणि प्रेशर स्विचच्या कपलरवर नवी कोरी काळी टेप गुंडाळलेली. मी ती लावलेली नाही. म्हणजे त्याने कपलर पाहिला, बसवला, टेप मारली, आणि एवढं करून माझा धडधाकट कॉम्प्रेसर उतरवून घेतला. मिस्त्रींनी तपासणीचे ३०० रुपये घेतले, त्याची पावती दिली. नव्या कॉम्प्रेसरचा अंदाज १९,००० च्या पुढे.

आता पोलीस. पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्तात आहेत, संध्याकाळी या." संध्याकाळी गेलो तर "तुम्ही राहता इकडे, शेड तिकडे, हद्द आमची नाही." दुसऱ्या ठिकाणी गेलो, तिथे "पैसे घरातून पाठवले ना? मग पहिल्यांदा गेलात तिथंच जा." तिसऱ्या खेपेला एकाने फोटो पाहिले आणि म्हणाला, "अहो, गाडी तुम्हीच त्याच्या हातात दिली की. हा दिवाणी मामला हाय." चोराच्या हातात गाडी दिली म्हणजे चोरी माफ? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता द्यायची सोय आहे. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते. हे मी, एक साधा नोकरदार, वाचून सांगतोय आणि टेबलापलीकडचा माणूस म्हणतो, "कायदा आम्हाला नका शिकवू." अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. चार अर्ध्या रजा गेल्या. बँकेत म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत. एका सरकारी कचेरीत विचारलं, "पक्कं बिल आहे का?" पक्कं बिल देणारा माणूस असता तर मी तुमच्या दारात कशाला आलो असतो?

पोच घेतल्याशिवाय अर्ज हातातून सोडू नका. कच्च्या चिठ्ठीचा, पैसे पाठवल्याचा आणि गाडीचा फोटो जपून ठेवा. ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते आणि आपण मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही. मी ती तयारी चालवलीय.

घरी काही काम केल्यावर लगेच एसी बंद पडला तर आधी आपण हात लावला तिथलेच कपलर, फ्यूज आणि रिले बघा. 'गॅस संपला' म्हणणाऱ्याला गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, कमी झाला तर कुठूनतरी गळालाय. भरण्याआधी आतली हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम किमान अर्धा तास ओढायला लावा आणि ग्रॅम वजनावर मोजून भरा, आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. कॉम्प्रेसर उतरवायच्या आधी त्याच्या लेबलचा फोटो काढा.

तो फोटो माझ्याकडे नाही. पण माझ्या मूळ कॉम्प्रेसरच्या खालच्या कानावर इंचभर चर आहे, चार वर्षांपूर्वी दगड लागून पडलेला. उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव भागात कुणी 'चालू गाडीतून निघालेला' म्हणून असा कॉम्प्रेसर विकायला आणला, तर विकणाऱ्याचा नंबर तेवढा घेऊन ठेवा आणि मला कळवा.