२८ हजारांचं अ‍ॅडमिशन गायडन्स: चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

लेकीची अकरावी आटपली आणि मे २०२४ मध्ये आम्ही इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी एका अ‍ॅडमिशन गायडन्सवाल्यांचं पॅकेज घेतलं. २८ हजार, दोन हप्त्यांत. सेंटर ठाण्यात, नौपाड्यात. नाव लिहीत नाही, भांडण काढायचं नाहीये. पण आमच्याच बिल्डिंगमधल्या तीन घरांनी आत्तापर्यंत "घेऊ का?" म्हणून विचारलंय. जिन्यात उभं राहून प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आमच्या घरात २८ हजार म्हणजे दोन रात्री विचार करून काढायची रक्कम. क्लासची फी वेगळी चालूच होती, त्यामुळे बायकोचा विरोध होता. पण मला कॅप राउंड (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्या) हा शब्द ऐकला तरी घाम फुटायचा. आदल्या वर्षी मेहुण्याचा मुलगा चांगलं पर्सेंटाइल असून भलत्याच कॉलेजात जाऊन बसला होता. आपलं तसं नको, एवढ्यासाठी पैसे भरले.

पॅकेजमध्ये कलचाचणी, मोबाइल अ‍ॅप, महिन्यातून दोन भेटी आणि शेवटी ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी, भरायला मदत. कलचाचणीचं लवकर उरकतो. ३२ पानांचा रंगीत रिपोर्ट आला. 'तुम्हाला माणसांत मिसळायला आवडतं, पण कधीकधी एकांतही हवासा वाटतो' असली वाक्यं. लेक म्हणाली, "बाबा, हे तर आत्यालासुद्धा लागू पडतं." रिपोर्ट माळ्यावर गेला. अ‍ॅप सुरुवातीला बरं वाटलं, मग दिवसाला सहा नोटिफिकेशन यायला लागली, ती बंद केली.

पैसे वसूल झाले ते भेटींमध्ये, आणि तेही फक्त आमच्या वाट्याला आलेल्या मॅडममुळे. निवृत्त प्राध्यापिका, कॉटनची साडी, समोर लॅपटॉप नाही, एक साधी वही. मला वाटलं, पहिला प्रश्न दहावीच्या टक्क्यांचा असेल. तर बाईंनी विचारलं, "कास्ट व्हॅलिडिटी काढलीत का?"

मी म्हटलं, जातीचा दाखला आहे की शाळेतला. त्यांनी पेन खाली ठेवलं. दाखला वेगळा आणि पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र वेगळं, हे मला तोवर माहीत नव्हतं. आम्ही कुणबी, म्हणजे ओबीसी. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. माझा स्वतःचा शाळेचा दाखला त्यानंतरचा, तो एकटा पुरत नाही. मॅडमनी विचारलं, "तुमचे वडील शाळेत गेले होते का? किती का होईना?" गेले होते. चौथीपर्यंत, गावच्या शाळेत.

मग जूनमध्ये, शाळा उघडल्याच्या आठवड्यात, एक दिवस रजा टाकून खोपटहून रात्रीची एसटी धरली आणि संगमेश्वर तालुक्यातलं आमचं गाव गाठलं. पाऊस नुकता लागलेला. गुरुजींनी कपाटातून दोन जुनी रजिस्टरं काढली, दोन्हींना वाळवी लागलेली, कडा भुगा झालेल्या. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर एकेक पान पट्टीने उलटत होते, बोटाने नाही. १९४९ सालच्या पानावर खालून तिसरं नाव आमच्या अण्णांचं. शाई तपकिरी झालेली, पण 'कुणबी' एवढं स्वच्छ वाचता येत होतं. जन्मतारखेच्या रकान्यात कुणीतरी अंदाजेच तारीख टाकलेली असणार, कारण त्या पानावरच्या अर्ध्या मुलांचा जन्म १ जूनचा. गुरुजींनी उतारा लिहून सही-शिक्का मारून दिला. एक प्रत पुरे म्हणत होते, मी तीन मागून घेतल्या. स्टोअरमध्ये काम करणाऱ्या माणसाची खोड.

जुलैत अर्ज गेला, डिसेंबरात व्हॅलिडिटी हातात आली. लेकीच्या वर्गातल्या दोघींनी निकालानंतर धावाधाव सुरू केली आणि अर्जाची पावती घेऊन समितीच्या दारात उभ्या होत्या. पॅकेजचे निम्मे पैसे माझ्या हिशेबी या एका प्रश्नात फिटले.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. लेक क्लासच्या जेईईच्या (देशपातळीवरची परीक्षा) धबडग्यात बुडून गेली होती. मॅडमनी वहीच्या पानावर सीईटीचं, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचं, गणित मांडून दाखवलं. पीसीएमचा पेपर २०० मार्कांचा. फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०, मॅथ्स एकटं १००, कारण त्यातल्या प्रत्येक प्रश्नाला दोन मार्क. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. म्हणजे मार्क कापणाऱ्या जेईईची सवय लागलेली मुलं शंका आली की प्रश्न सोडून देतात, ते इथे नुकसानीचं. आणि साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे, जी पुस्तकं आम्ही रद्दीत घालणार होतो. "जेईईचा फॉर्म भर, जानेवारीत देऊन बघ, पण एप्रिलचा अभ्यास या पेपरचा कर," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बोर्डाला इंजिनीअरिंगसाठी पीसीएममध्ये राखीव प्रवर्गाला ४० टक्के, खुल्याला ४५ लागतात. तेवढे तिला मिळणार होतेच, तरी बोर्ड सोडू नकोस, असंही बजावलं.

तिसरी गोष्ट बायकोला फार आवडली. मॅडम म्हणाल्या, कॉलेजची वेबसाइट बघू नका, सकाळी कॉलेजला जाऊन या, कामाच्या दिवशी. मग दिवाळीच्या सुटीनंतर मायलेकींनी तीन सकाळी काढल्या. माटुंग्याला स्लो गाडीने. विद्याविहारला. आणि नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून पनवेल गाडीने नेरुळला. माटुंग्याहून परत आल्या तेव्हा लेकीची ओढणी अर्धी फाटलेली होती, तरी तेच कॉलेज तिला सगळ्यांत आवडलं होतं. नेरुळला मात्र ठाण्यालाच गाडी सुटत असल्यामुळे जाताना बसायला मिळालं. घोडबंदर रोडकडच्या कॉलेजची फेरी बसने झाली. नकाशावर जवळ दिसतं ते, पण मेट्रोच्या कामात अडकून पोचायला लागला तेवढ्याच वेळात नेरुळला जाऊन होतं. हे कुठल्याही ब्रोशरमध्ये नसतं.

या सगळ्याचं मॅडमनी एका फुलस्केप कागदावर महिन्यावार टिपण करून दिलं होतं. तो कागद आम्ही फ्रिजच्या बाजूला चिकटवला. जून, व्हॅलिडिटी. ऑक्टोबर, जेईई फॉर्म. एप्रिलच्या समोर दोन रेघा मारून लिहिलेलं: '१ एप्रिलनंतर नवीन नॉन-क्रिमी लेयर', म्हणजे आम्ही उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र.

जानेवारीत मॅडम सोडून गेल्या. का, ते कुणी सांगितलं नाही. त्यांच्या जागी 'सीनिअर काउन्सेलर' म्हणून एक तरुण आला. वाईट मुलगा नव्हता, पण त्याला आमचं काहीच माहीत नव्हतं. पहिल्या भेटीत त्याने तोच कलचाचणीचा रिपोर्ट उघडला आणि सांगितलं, "हिच्यात लीडरशिप आहे." मग खासगी विद्यापीठांच्या फॉर्मची यादी काढली, प्रत्येक फॉर्मला हजार-दीड हजार. मी विचारलं, इथली वर्षाची फी किती? त्याने अ‍ॅपमध्ये शोधायला सुरुवात केली. आम्ही एकही फॉर्म भरला नाही. दुसरा हप्ता मात्र डिसेंबरातच भरून झाला होता. पॅकेज घेणाऱ्यांना एवढंच सांगेन, शेवटचा हप्ता ऑप्शन फॉर्मनंतरच द्यायचा, असं आधीच लिहून घ्या.

एप्रिलमध्ये फ्रिजवरचा कागद बघून मी सेतू केंद्रात जाऊन नॉन-क्रिमी लेयरला अर्ज केला. आमच्याकडे होतं ते ३१ मार्च २०२५ पर्यंतचं, आणि प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेलं हवं होतं. सेंटरच्या अ‍ॅपमध्ये 'एनसीएल' समोर हिरवी टिक होती, कारण जुनं अपलोड करून झालं होतं. त्या टिकेवर विसंबून राहिलो असतो तर पडताळणीत अर्ज परत आला असता आणि वेळेत नवीन जोडता आलं नसतं, तर पोरगी खुल्या प्रवर्गात गेली असती.

आता ऑप्शन फॉर्म, ज्यासाठी खरं तर सगळे हे पॅकेज घेतात. तिचं पर्सेंटाइल ९० च्या वर आलं, फार वर नाही. काउन्सेलरने १८ पर्यायांची पीडीएफ पाठवली. फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय देता येतात, इथे १८. पहिल्या नंबरवर घराजवळचं, नक्की मिळणारं कॉलेज. मी फोन केला तर म्हणाला, "सर, पहिल्या फेरीत सीट हातात आली की टेन्शन नाही."

त्या रात्री मी सीईटी सेलची (हे प्रवेश चालवणारं सरकारी कार्यालय) माहितीपुस्तिका घेऊन बसलो. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, लेक शेजारी बसली. २०२५ पासून चार फेऱ्या. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचा पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीझ, पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही मिळालं की फ्रीझ. तिसरीत पहिल्या सहापैकी. म्हणजे नक्की मिळणारं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकणं म्हणजे आपल्याच हाताने दार लावून घेणं. लेक म्हणाली, "बाबा, हे तर उलटं आहे. आवडीचं वर हवं." तेवढंच आहे ते. पर्याय वरून खाली बघत जातात, वरचं मिळालं नाही म्हणून खालच्याचा हक्क जात नाही.

मग कटऑफच्या यादीकडे वळलो आणि दुसरी गोम सापडली. त्या यादीत प्रत्येक कॉलेजखाली जीओबीसीएच, एलओबीसीएच असे कोड असतात. जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे महिलांच्या जागा, मध्ये प्रवर्ग, आणि शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (आपल्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातली), ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. काउन्सेलरने सगळीकडे जीओबीसीएच धरलं होतं. मुलगी दोन्ही जागांना पात्र, एलचा आकडा वेगळा. नेरुळच्या एका कॉलेजचं एक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) त्याने 'अशक्य' म्हणून वगळलेलं, ते एलच्या रकान्यात आदल्या वर्षी आमच्या पर्सेंटाइलच्या खाली बंद झालं होतं. रात्री दीड वाजता लेकीने पेन्सिलने त्याला गोल केला. दोन दिवसांत आम्ही ४१ पर्याय लावले. वर माटुंगा, मिळणार नाही हे माहीत असूनही. नेरुळ तिसऱ्या नंबरवर.

पहिल्या फेरीत खालचं एक कॉलेज लागलं. एक हजार सीट अ‍ॅक्सेप्टन्स फी भरून बेटरमेंट निवडलं, म्हणजे ही सीट धरून पुढच्या फेरीत वरचं मिळतंय का बघायचं. त्याच दुपारी सेंटरमधून फोन आला, या वेळी वेगळाच माणूस. नवी मुंबईतल्या एका कॉलेजात इन्स्टिट्यूट लेव्हलची, म्हणजे कॅपबाहेर कॉलेज स्वतः भरतं ती, सीट आहे, कॉम्प्युटर ब्रँच, "आज बुक केलं तर." यात त्यांना काय मिळतं ते मला माहीत नाही आणि मी तसं म्हणतही नाही. पण जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, आणि ती माफी कॅपमधून घेतलेल्या प्रवेशालाच. त्याला ती सीट घेतली तर माफी मिळेल का, असं विचारलं. म्हणाला, "ते कॉलेजवर अवलंबून आहे." फोन ठेवला. चौदा महिन्यांत या सेंटरमधल्या एकानेही शुल्कमाफीचा विषय आपणहून काढला नव्हता, हे मला सगळ्यांत जास्त खुपलं. मॅडमनीसुद्धा नाही, खरं सांगायचं तर. मला ते कळलं लेकीच्या ज्युनिअर कॉलेजातल्या क्लार्ककडून, बोनाफाइड घ्यायला गेलो तेव्हा.

दुसऱ्या फेरीत नेरुळ, एक्सटीसी. तिसरा पर्याय, म्हणून आपोआप फ्रीझ. डेव्हलपमेंट फी आणि बाकीचं किरकोळ भरावं लागलं, ट्यूशन फी नाही. शुल्कमाफीसाठी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज तिने स्वतः भरला.

बायको विचारते, पुन्हा घेशील का? मॅडम असतील तर घेईन, सेंटरचं नाव काहीही असो. नसतील तर त्या २८ हजारांत दोन वर्षांचा रेल्वे पास, एक बरा प्रिंटर आणि माहितीपुस्तिकेची प्रिंट येते. कुणाला कागदपत्रांचं बघणारं घरात कुणीच नसेल, तर तेवढ्यापुरतं पॅकेज घ्या, पण ऑप्शन फॉर्म दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

धाकटा नववीत आहे. सेंटरवाल्यांनी भावंडांसाठी सवलत म्हणून मेसेज पाठवलाय. त्याची फाइल मी आत्ताच केली. बहिणीची व्हॅलिडिटी पुरावा म्हणून चालते, त्यामुळे गावी जायचं काम पडू नये. तरी अण्णांच्या उताऱ्याची उरलेली प्रत प्लास्टिकमध्ये घालून सर्वांत वर ठेवली आहे.