पप्पांच्या कबरीचा दगड: नगरमधल्या एका दगडकाम दुकानाचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात पप्पा प्रभूत निजले. कबरीची माती बसायला चार-पाच महिने द्यावे लागतात, पण ईस्टरच्या आत दगड लागावा अशी आईची इच्छा होती, कारण ईस्टरला पहाटे आमची मंडळी दफनभूमीतच उपासनेला जमते. रस्त्यावरच्याच दगडकामाच्या दुकानात काम दिलं. दीड बाय दोन फुटांचा काळा ग्रॅनाइट, कोरलेली अक्षरं, बसवण्यासकट ८,५०० रुपये.

आधी तक्रार सांगते. मजकूर मी फोनवर सांगितला होता, ‘पुनरुत्थानाच्या आशेत विसावलेले’. बघायला गेले तर दगडावर ‘पुनर्जन्माच्या आशेत’! कॉम्प्युटरवर अक्षरं लावणाऱ्या मुलाला दोन्ही एकच वाटलं. माझे हातपायच गळाले. पुनर्जन्मात आत्मा एक देह टाकून दुसरा घेतो आणि पुन्हा मरतो. आम्ही विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या आमच्या श्रद्धेच्या कबुलीत, देहाचं पुनरुत्थान म्हणतो ते एकदाच, कायमचं, आणि त्याच माणसाचं.

पप्पांच्या उजव्या हाताचं अर्धं बोट लेथवर गेलं होतं. शवपेटी झाकेपर्यंत मी तोच हात धरून बसले होते. येशू उठला तेव्हा खिळ्यांचे व्रण त्याच्या हातांवर होतेच, थोमा या शिष्याला त्याने ते दाखवले. शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. भूत मासा खात नाही. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात बियाण्याचं उदाहरण दिलंय: पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते निराळं, पण त्याच दाण्याचं. पप्पांचं बोट पुरं असेल की अर्धंच, ते देवाला ठाऊक. हात मात्र मी ओळखेन.

हे सगळं मी दुकानात उभ्या उभ्या रडत बोलून गेले. मालक चाचा मुसलमान. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बेटा, कयामत, मेलेले उठतील तो दिवस, आम्ही पण मानतो. चूक आमची आहे, दगड नवा देतो.” आठ दिवसांत दिलाही, एक पैसा जादा न घेता. मशीनवर न देता या वेळी त्यांनी स्वतः टाकीने अक्षरं कोरली. बायबलच्या योहान ११:२५ मधलं ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ वर घेतलंय. त्यातला ‘त्थ’ इतका खोल आणि नीट उतरलाय की बोट फिरवलं तरी वाचता येतो. सोनेरी रंग दोन पावसाळ्यांत उडतो असं त्यांनीच सांगितलं, म्हणून पांढरा भरला.

बसवताना त्यांनी दिशाही विचारली. आमच्याकडे डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला ठेवतात, म्हणजे उठणाऱ्याचं तोंड प्रभूच्या येण्याकडे असेल. अक्षरंही पूर्वेलाच घेतली. ईस्टरला पहिलं ऊन थेट नावावर पडलं.

बाकी, दुकानात फोन सहसा उचलत नाहीत आणि टेम्पोचे ५०० रुपये वेगळे घेतात, ते आधी सांगायला हवं होतं. तुम्ही काम देणार असाल तर मजकूर कागदावर लिहून न्या आणि कोरण्याआधी छापून आलेली प्रत एक-एक अक्षर लावून वाचा.

दगडाची खालची अर्धी जागा आईने स्वतःसाठी कोरी ठेवायला लावली. चाचांनी तिथे काही न विचारता एक बारीक रेघ ओढून दिली.